डाव्या हाताला घर

लाइट आता तासभर तरी येत नाही, तेव्हा सांगूनच टाकते. मेणबत्ती जरा माझ्या बाजूला सरकवा. आणि मध्येच ‘भास झाला असेल’ असं म्हणू नका. मी लष्करी छावणीच्या स्टोअरमध्ये एकोणीस वर्षं काढलेली बाई आहे. तिथे खिळाही पारखून घ्यावा लागतो. भास आणि खरं यातला फरक मला कळतो.

गोष्ट अगदी साधी सुरू झाली. वैजनाथची सायकल विकायची होती.

वैजनाथ माझा धाकटा भाऊ. भिंगारात त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. जाड टायरच्या, डोंगरात चालवायच्या सायकलींचं त्याला भारी वेड. गावाबाहेरच्या माळावर त्याने नवख्या लोकांसाठी एक फेरा शोधून काढला होता. साडेतीन किलोमीटरचा, मोठा चढ नाही, उतार नाही, तरवडाच्या झुडपांतून वळत जाणारी मेंढरांची जुनी वाट. “ताई, या वाटेवर म्हातारी बी पडायची न्हाई,” म्हणायचा. चाळिशीत मला त्यानेच तिथे सायकल शिकवली. लोक हसले, आम्ही दोघंही हसलो.

त्या फेऱ्याच्या मधोमध काकासाहेबाचं घर होतं. पत्र्याचं, एकटंच, पुढे अंगण, अंगणात बाज. वाट काही त्याच्या बापाची नव्हती, पण आपल्या घराभोवती कुणी फिरलेलं त्याला खपत नसे. दोन वर्षांपूर्वी त्याने वाटेवर बारीक तार आडवी ताणली. आपल्याकडे तार ताणली की तिला चिंधी बांधतात, नाहीतर जुनी चप्पल तरी लटकवतात. मुक्या जनावरालाही दिसावी, एवढी माणुसकी असते. त्याने काहीच बांधलं नाही. संध्याकाळचं ऊन समोरून डोळ्यांवर येत होतं आणि वैजनाथ वळणावरून वेगात येत होता. तार त्याच्या गळ्याला लागली.

चौकशीत काकासाहेब हात जोडून म्हणाला, “चिंदी बांदली हुती, सायेब. वाऱ्यानं गेली.” झालं. कागदावर ‘अपघात’ लिहिलं गेलं आणि तो घरी जाऊन जेवला.

स्मशानात मडकं मी धरते म्हणाले. वडील नव्हते, दुसरा भाऊ नव्हता, घरात आई आणि मी, मग कोण धरणार? भावकीतले आसारामतात्या पुढे आले. “बाईमानसानं मडकं धरत न्हाईत, पोरी. मागं हो.” मी मागे झाले. चुलतभावाने पाण्याचं मडकं खांद्यावर घेतलं आणि मी बाभळीखाली उभी राहून बघत राहिले. त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला, देवापुढे हात जोडून, मी काकासाहेबाचं मरण मागत होते. दुसरं काही मागितलंच नाही. हे ऐकून तुम्हाला माझ्याबद्दल वाईट वाटत असेल तर वाटू द्या.

तर सायकल. सावेडीचे एक डॉक्टर दुसऱ्या दिवशी ती बघायला येणार होते. दोन वर्षं भिंतीला टेकून उभी होती. ब्रेक धरतात का, गिअर पडतात का, ते एकदा पाहावं म्हणून मार्चमधल्या एका शनिवारी चारच्या सुमारास मी ती बाहेर काढली. वैजनाथची पाण्याची पाठपिशवी घेतली. रबरी, दोन लिटरची, नळी तोंडाशी येते ती. तिचा उजवा पट्टा तुटला होता, म्हणून डाव्या खांद्यावर अडकवली.

त्याच वाटेवर मुद्दाम गेले का? हो, मुद्दाम गेले. तो माणूस कसा जगतोय ते मला बघायचं होतं.

माळ तसाच होता. तरवडाच्या वाळक्या शेंगा खुळखुळत होत्या, कुसळं मोज्यांत घुसत होती, आणि लांब लष्कराच्या सरावाचे बार मधूनमधून जमिनीतून पायाला जाणवत होते. हिवराच्या झाडापाशी वाट फुटते. एक फाटा डांबरी रस्त्याला जातो आणि दुसरा फेऱ्याला लागतो. मी फेऱ्याला लागले. तो फेरा वैजनाथने असा आखलेला की घर कायम डाव्या हाताला राहतं.

सायकल झकास चालत होती. तिच्या मागच्या चाकाचा एक आवाज होता. पायडल थांबवलं की टिकटिक टिकटिक व्हायचं. मला तो आवाज किती आवडायचा हे मी विसरले होते. काकासाहेबाच्या अंगणासमोर आले तेव्हा मागच्या चाकाखालून एक खडा उडाला आणि पिशवीवर टप्पकन बसला. पाठीवर गार पाण्याची बारीक धार लागली.

काकासाहेब बाजेवर बसून तंबाखू मळत होता. माझ्या डोक्यावर हेल्मेट, तोंडाला रुमाल. त्याने मला ओळखलं नाही.

“ओ ताई, पानी गळतंय तुमचं,” तो म्हणाला.

 तो जाडजूड झाला होता. गालावर तजेला होता. माझा भाऊ मातीत आणि हा तंबाखू मळतोय, हे बघून माझं डोकं तापलं. ब्रेक पाहून झाले होते, आता गिअर पाहू, असं स्वतःला सांगून मी हिवरापाशी न वळता पुन्हा आत शिरले. खरं तर मला तो परत एकदा बघायचा होता.

दुसऱ्या फेऱ्यात वारा पडला. एकही पाखरू बोलेना. भर मार्चात, पावसाचा थेंब नसताना, सगळ्या माळाला ओल्या मातीचा वास येत होता. आधी वाटलं, माझ्याच पिशवीचं पाणी. पण वास समोरून येत होता, जिथे मी अजून पोचलेच नव्हते. आणि मी पायडल मारत असतानाही टिकटिक चालू होती. पायडल मारताना तो आवाज येत नाही... कधीच येत नाही. तो माझ्या सायकलीचा नव्हता. माझ्या मागे, दहा-बारा हातांवर, कुणीतरी पाय न हलवता सायकल नुसती सोडून दिल्यासारखं येत होतं.

मी मागे पाहिलं नाही. का, ते सांगता येत नाही. मान वळली नाही.

अंगणासमोर पुन्हा खडा उडाला. टप्प. दुसरी धार लागली. काकासाहेब आता उभा होता. तंबाखू तळहातावर तशीच होती.

“दोन जागी गळतंय आता...” तो म्हणाला. या वेळी त्याचा आवाज बसला होता. त्याची नजर माझ्यावर नव्हती, माझ्या खांद्यावर होती.

हिवर आला. मला घरी जायचं होतं, देवाशपथ. हँडल रस्त्याकडे वळवायला गेले, तर ते वळेना. कुणीतरी समोरून दोन्ही मुठींनी धरावं तसं घट्ट झालं होतं. पायडल मात्र आपोआप फिरत होते आणि त्यांच्यावर माझे पाय. तिसरा फेरा सुरू झाला.

तेव्हा मला कळलं. खांद्यावर पाणी, डावा खांदा, डाव्या हाताला घर. पहिल्या फेऱ्याला एक भोक, दुसऱ्याला दुसरं. मेलेल्या माणसाभोवती आपण हेच करतो. तिसऱ्या फेऱ्याला तिसरं भोक, मग मडकं मागे टाकायचं, बोंब मारायची आणि वळून न बघता निघायचं. फक्त मधला माणूस अजून मेलेला नव्हता.

काकासाहेबालाही कळलं होतं. इथल्याच मातीतला माणूस तो, त्याला कसं कळणार नाही? तो अंगणाच्या कडेला येऊन उभा होता, हात जोडून, घामाने भिजलेला. माझ्या मागे जे काही येत होतं ते त्याला दिसत होतं. मला दिसत नव्हतं.

“ताई... थांबा,” तो म्हणाला. “तुमी... तुमी त्याची भन ना? वळखलं मी. ताई, पुरा करू नका. पाया पडतो...”

आणि त्याच क्षणी हँडल मोकळं झालं.

हे नीट ऐका, कारण इथेच सगळं आहे. हँडल मोकळं झालं, टिकटिक थांबली. वैजनाथने हात काढून घेतला. लहानपणापासून तसाच तो; भांडण काढायचा आणि समोरचा रडला की सोडून द्यायचा. उतरून चालत निघाले असते तरी मला कुणी अडवलं नसतं. काकासाहेब रडत होता. खरंच रडत होता.

“चिंदी बांदायची हुती ओ,” तो म्हणाला, “आळस केला... नुसता आळस...”

आळस! दोन वर्षं मी डूख धरून बसले होते, तर निघाला काय, आळस. मी पायडल दाबलं. खडा उडाला, टप्प, तिसरी धार सुटली. वीस हात पुढे जाऊन मी पिशवी खांद्यावरून ओढली आणि पाठीमागे टाकून दिली. माझा हात आपोआप तोंडावर गेला आणि अशी बोंब निघाली की लांबची कुत्री गप्प झाली. मग मी हिवरापाशी वळले आणि रस्त्याला लागले. एकदाही मागे पाहिलं नाही.

काकासाहेब त्याच संध्याकाळी बाजेवरच मेला. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. घरी येऊन कपडे बदलताना माझ्या मागच्या खिशात एक काळा, गुळगुळीत खडा निघाला. ओला होता. मी तो खिशात घातला नव्हता.

मडकं ज्याने फोडतात तो खडा दहा दिवस जपतात, हे तुम्हाला माहीत असेल. मेलेल्याचा जीव त्यात असतो म्हणतात. दहाव्याला तो पाण्यात सोडला की माणूस वाटेला लागतो. काकासाहेबाच्या लोकांनीही त्यांचा खडा सोडला. पण दहाव्याला दुपार टळली तरी पिंडाला कावळा शिवेना. मुलाने आण घेतली, बायकोने नवस बोलला. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. कावळा कसा शिवणार? त्यांनी सोडला तो नुसताच दगड होता. खरा माझ्याकडे होता.

महिन्याभराने त्याची बायको मालनबाई माझ्या दारात आली. बिचारी वाळून गेली होती.

“ताई, रोज दिस मावळला की घराभवती पानी सांडल्यालं दिसतं... गोल,” ती म्हणाली. “ह्यांचं कायतरी आडलंय. तुमी माफ करा, म्हंजे सुटत्याल ते.”

“माफ करणारा गेला,” मी म्हणाले. “मी नुसती त्याची बहीण आहे.” आणि दार लावून घेतलं. त्या रात्री मला दोन वर्षांत पहिल्यांदा गाढ झोप लागली.

खडा मी कपाटात, स्टीलच्या डब्यात ठेवला आहे. रोज सकाळी तो ओला असतो. रोज पुसते आणि परत ठेवते. फिरू दे म्हटलं त्याला घराभोवती, जन्मभर फिरू दे.

पण परवा डबा उघडला तर आत दोन खडे होते.

दुसरा लहान आहे, तसाच काळा, आणि कोरडा. आईला विचारलं, तू ठेवलास का? ती म्हणाली, “मी कशाला तुझ्या कपाटाला हात लावू?” घरात आम्ही दोघीच. ओला खडा मेलेल्याचा; कोरडा कुणाचा असतो, ते मला ठाऊक नाही. दोन्ही उचलून सीना नदीत सोडले तर कदाचित सगळंच मिटेल, एवढं मलाही कळतं. पण मग काकासाहेबही सुटेल.

आज सकाळी दुसऱ्या खड्याची खालची बाजू जराशी दमट लागली. मी पुसून परत ठेवला.