घागरखेडचा लाल अकीक

घागरखेडच्या पांढरीवरचा लाल अकीकाचा खडा मंगळवारी सकाळी दहा ते पावणेअकराच्या दरम्यान नाहीसा झाला. काच फुटली नव्हती, कुलूप तुटलं नव्हतं. किल्ली कुलपातच लटकत होती.

अकराला परभणीत राजेश्री वट्टमवारांचा फोन वाजला. साडेबाराला बन्सीधरने त्यांची जुनी गाडी वालूरच्या पुढे, दुधनेकाठच्या कच्च्या रस्त्याला घातली.

राजेश्रीताई आधी विमा कंपन्यांसाठी खोटे दावे पकडायच्या; आता स्वतःचा खाजगी तपासाचा व्यवसाय करत होत्या. बन्सीधर एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. एकतीस वर्षं तिकिटं फाडल्यामुळे आपल्याला माणसाचं तोंड बघून सगळं कळतं, असा त्याचा समज होता. ताईंनी तो कधी खोडून काढला नाही, आणि तपास आजवर कधी त्याच्या समजाप्रमाणे लागलाही नाही.

"पाच वाजता पुरातत्त्व खात्याचे साहेब येणार," ताई म्हणाल्या. "खडा जागेवर नसेल तर पांढरीला टाळं लागेल. आणि किल्ली सांभाळणाऱ्या नागुबाईचं नाव चोर म्हणून लिहिलं जाईल."

पांढर म्हणजे गाडल्या गेलेल्या जुन्या वस्तीचं टेकाड. घागरखेडच्या पांढरीत सहा वर्षांपूर्वी खोदकाम झालं. विटांचे पाये निघाले, एक विहीर निघाली, आणि दोन हजार वर्षांपूर्वी थेट रोमहून आलेल्या रांजणांची खापरं निघाली. शेवटी निघाला चिंचोक्याएवढा लाल अकीक. त्यावर रोमच्या कुण्या कारागिराने धावता घोडा कोरलेला. आता गावची समिती ही जागा सांभाळत होती. पाहुण्याच्या हातात एक छोटं मशीन आणि कानात हेडफोन. जागोजागी आकड्यांच्या पाट्या होत्या. पाटीवरचा आकडा मशीनवर दाबला की त्या जागेची हकिगत ऐकू यायची. आवाज होता नागुबाईचा.

नागुबाई फाटकाजवळच्या टेबलाशी उभीच होती. चाळिशीची, उंच, डोळे रडून सुजलेले.

"ताई, म्या न्हाई घेतला," ती म्हणाली. "म्याच तो मातीतून काढला होता. चोरायचा असता तर त्याच दिवशी कनवटीला लावला असता."

"बसा. सकाळपासून सांगा."

"दहाला फाटक उघडलं. समद्या मशीनीत सकाळीच नवे सेल घातले, साहेब येणार म्हणून. आधी व्यंकटराव गुरुजी आले, मशीन घेऊन वर गेले. गुरुजी समितीचे अध्यक्ष हायेत. मग पालमचे शिवरुद्रआप्पा. त्यांना मशीन जमंना, म्हणून दहा-वीसला म्या त्यांच्यासंगं दोन नंबरापर्यंत गेले. दहा मिनिटांत परत आले."

"किल्ली कुठे असते?"

"ह्या टेबलामागं, खिळ्याला. परत आल्यावर बघितलं न्हाई मी. मग गुरुजींनी मशीन आणून दिलं अन लिंबाखाली बसले. पावणेअकराला सहा नंबराच्या पत्र्याच्या खोलीत गेले, तर पेटी रिकामी. राखणीच्या मुंजाजीनं तवाच फाटक लावलं अन समद्यांची झडती घेतली. माझीबी."

"दुसरे कुणी पाहुणे?"

"मंगळवारी कोण येतंय?"

टेबलावर मशीनं ओळीने ठेवली होती. शेजारी कोणत्या नंबरचं मशीन कुणी नेलं त्याच्या सह्यांची वही आणि 'घागरखेड दर्शन' नावाच्या पातळ पुस्तिकांचा गठ्ठा. लेखक, व्यंकटराव गुरुजी. ताई वही चाळू लागल्या. बन्सीधरने चार नंबरचं मशीन उचललं आणि बटण दाबलं. आवाज नाही, दिवा नाही.

"हे बंद हाय की."

"बंद कसं असंल?" नागुबाई गोंधळली. "थांबा, हे दुसरं घ्या."

बन्सीधर हेडफोन लावून वर चढला. ऊन होतं, वारा होता, आणि कानात नागुबाई बोलत होती. एक नंबर, दोन नंबर. त्याला वाटलं, शेजारची बाई ओट्यावर बसून सांगतेय. पाच नंबरला तो थांबला.

"आता ह्या रांजणाकडं बघा. खाली निमुळता, वर दोन कान. हे आपल्या कुंभाराचं काम न्हाई. हे जहाजात बसून आलंय. ह्याच्या तुकड्यानं खणताना माझं बोट कापलं. अन ह्याच्यात काय होतं म्हणता? दारू. द्राक्षाची! म्हंजी दोन हजार वर्षांमागंबी गावात पिणारे होतेच."

बन्सीधर एकटाच मोठ्याने हसला. टेबलावरून खिशात टाकलेली पुस्तिका काढून त्याने ते पान शोधलं. तिथे छापलं होतं : 'या कुंभांतून रोमचे ऑलिव्ह तेल येत असे.' छापील पुस्तकात दारूचं नाव कशाला, म्हणून गुरुजींनी सभ्यपणे तेल केलं असावं, असं त्याला वाटलं. तेवढ्यात खालून ताईंची हाक आली.

पहिला मुंजाजी. फाटकावरचा रखवालदार, साठीचा, हातात काठी. पांढरीचा अर्धा भाग पूर्वी त्याचं शेत होतं.

"राग आहे का त्याचा?" ताईंनी सरळ विचारलं.

"होता. आता न्हाई. कापूस वेचून पाठ मोडायची. इथं बसून लोकायला रामराम घालायलोय."

"झडतीत कुणाकडे काय निघालं?"

मुंजाजीने बोटं मोजली. "आप्पाकडं विभूतीची डबी, फोन, पानाची चंची. गुरुजीकडं चष्म्याचं घर, अडकित्ता, रुमाल, खडूचा तुकडा, एक पेन्सिल सेल. नागुबाईकडं निस्ता फोन. माझी झडती गुरुजीनं घेतली. तंबाखू निघाली."

"नागुबाई वर गेली तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"पाण्याचा हंडा आणायला बोअरवर. टेबलापाशी कुणीच नव्हतं, हे खरं हाय."

मग शिवरुद्रआप्पा. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, पांढरं स्वच्छ धोतर. पालममध्ये जुन्या पितळी भांड्यांचं दुकान. त्यांना पाहताच बन्सीधरच्या मनात घंटा वाजली, कारण नागुबाईने सांगितलं होतं की मागच्या महिन्यात त्यांनी हा खडा विकत मिळेल का, असं विचारलं होतं.

"विचारणं गुन्हा हाय का?" आप्पा तडकले. "देणार न्हाई म्हणले, विषय खलास. आज निस्तं ऐकायला आलतो. नातीनं सांगितलं, आजोबा, ती बाई लय भारी सांगते."

"खडा गेल्याचा ओरडा झाला तेव्हा कुठे होता?"

"पाच नंबरला. हसू आवरंना मला. कपाळाला विभूती लावून दारूच्या रांजणाचं ऐकायलो! शपथ घेतो, सहा नंबराच्या खोलीत पाय टाकला न्हाई."

शेवटी व्यंकटराव गुरुजी. सत्तरीचे, ताठ, खादीचा शर्ट. गावच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवलेलं. पांढरीवर काहीतरी आहे, हे सरकारला पत्रं लिहून लिहून पटवणारे तेच.

"मला फार वाईट वाटतं," ते म्हणाले. "नागुबाई चोर नाही. पण निष्काळजी आहे. किल्ली खिळ्याला टांगून जाते म्हणजे काय? मी समितीला तेव्हाच म्हटलं होतं, ध्वनिमुद्रणाला शुद्ध बोलणारा माणूस घ्या. जबाबदारीचं काम आहे."

"आज तुम्ही मशीन घेतलं होतं?"

"हो. अधिकारी येणार, म्हणून सगळं नीट वाजतं का ते तपासलं. पहिल्यापासून आठव्यापर्यंत."

"दहा वीस ते दहा तीस, नेमके कुठे होता?"

"पाच क्रमांकावर. रोमहून तेल कसं येत असे, तो भाग ऐकत होतो."

"आणि आठवा?"

"आठव्यात काय, समारोप. धन्यवाद, नमस्कार, पुन्हा या. सगळं ठीक वाजलं."

"आभारी आहे, गुरुजी," ताई अदबीने म्हणाल्या. मग त्या एकट्याच मशीन घेऊन पांढरीवर गेल्या. अर्ध्या तासाने मागच्या वाटेने उतरल्या तेव्हा त्यांचा चेहरा बन्सीधरला वाचता आला नाही.

"ताई, आप्पाच," तो हळूच म्हणाला. "मुद्दाम मशीन जमंना म्हणून बाईला उठवलं."

"आप्पा तिला घेऊन दोन नंबरापर्यंत गेले, बन्सीकाका. त्या दहा मिनिटांत ते तिच्या डोळ्यांसमोर होते. परत येऊन नागुबाई टेबलाशी बसली, ती पावणेअकरापर्यंत उठली नाही. मग त्यांनी किल्ली कधी घेतली?"



चारला सगळे सहा नंबरच्या खोलीत जमले. मधोमध रिकामी काचपेटी. नागुबाई दाराला टेकून उभी, गुरुजी खुर्चीवर, आप्पा आणि मुंजाजी भिंतीला.

"आधी किल्लीचं बघू," ताईंनी सुरुवात केली. "विकायला चोरणारा माणूस पेटी पुन्हा लावेल आणि किल्ली खिळ्याला टांगेल. चोरी जितकी उशिरा कळेल तितकं त्याला बरं. इथे किल्ली कुलपात ठेवली. म्हणजे चोरी लवकर कळावी, पाचच्या आत कळावी, आणि किल्ली सांभाळणाऱ्या बाईकडे बोट जावं, हीच इच्छा होती. खडा हा निमित्त होता."

ताईंनी रिकाम्या पेटीवर बोट ठेवलं.

"आता खडा. कुणी बाहेर गेलं नाही, झडतीत निघाला नाही. म्हणजे तो आवारातच. नागुबाई, सकाळी सगळ्या मशीनांत नवे सेल घातले होते?"

"व्हय, मीच घातले."

"मग दुपारी चार नंबरचं मशीन मुकं कसं? बन्सीकाकांनी ते दाबून पाहिलं. वहीत चार नंबरापुढे सही एकाच माणसाची आहे. आणि झडतीत त्याच माणसाच्या खिशात एक पेन्सिल सेल निघाला."

बन्सीधरने आपल्या हातांकडे पाहिलं. त्याने ते मशीन स्वतःच्या हाताने उचलून पुन्हा ठेवून दिलं होतं!

"सेल माझ्या रेडिओचा आहे," गुरुजी म्हणाले. आवाज ताठच होता.

"असू शकतो. म्हणून मी तेवढ्यावर थांबले नाही. गुरुजी, तुम्ही म्हणालात, पाच नंबरला रोमच्या तेलाचं ऐकलं. नागुबाई, पाच नंबरात तेल आहे?"

"व्हतं," नागुबाई पुटपुटली. "पुण्याच्या बाईनं खापरं तपासली. म्हणाल्या, तेल न्हाई, दारू. म्हणून मागच्या आठवड्यात मी ते नव्यानं बोलले. बैठकीत सांगितलंबी, पण त्या दिवशी गुरुजी आले नव्हते."

"आप्पांनी आज दारू ऐकली. बन्सीकाकांनी दारू ऐकली. तेल आता फक्त एका जागी शिल्लक आहे. तुमच्या पुस्तिकेत." ताई गुरुजींकडे वळल्या. "तुम्ही आज पाच नंबर ऐकला नाही. आठवाही नाही. सेल काढलेल्या मशीनवर ऐकणार तरी काय? आप्पांबरोबर नागुबाई वर येताना तुम्हाला दिसली. तुम्ही मागच्या वाटेने उतरलात, किल्ली घेतलीत, पेटी उघडलीत, एका सेलच्या जागी खडा बसवलात आणि मशीन तिच्याच टेबलावर नेऊन ठेवलंत."

बन्सीधर धावत जाऊन चार नंबरचं मशीन घेऊन आला. नखाने मागचं झाकण सरकवलं. कापसाच्या बोळ्यात गुंडाळलेला लाल खडा त्याच्या तळहातावर पडला. पत्र्याच्या फटीतून आलेल्या उन्हात घोडा धावताना दिसला.

मुंजाजीची काठी हातातून निसटली. "गुरुजी? तुमी?"

गुरुजींचे खांदे एकदम खाली आले.

"साहेबांसमोर मीच शोधून देणार होतो," ते म्हणाले. "मला तिला चोर ठरवायचं नव्हतं. निष्काळजी ठरवायचं होतं. चाळीस वर्षं मी या टेकाडासाठी झिजलो. पत्रं मी लिहिली. पुस्तिका मी लिहिली. आणि लोक येतात ते 'न्हाई' आणि 'समदं' ऐकायला. पालमच्या आप्पांची नातसुद्धा तिचं नाव घेते. माझं कुणी विचारत नाही."

 नागुबाईने पदराचं टोक घट्ट धरलं होतं.

"गुरुजी," ताईंनी विचारलं, "मशीन सुरू झाल्यापासून तुम्ही तिचा आवाज एकदा तरी ऐकलात?"

"नाही. ऐकवत नव्हतं."

ताईंनी दुसरं मशीन त्यांच्या हातात दिलं आणि आठ आकडा दाबला. हेडफोन काढून टाकला होता, त्यामुळे आवाज खोलीभर पसरला.

"हितं संपलं बघा. आता एकच सांगते. माझी शाळा सातवीत सुटली. मी ह्या टेकाडावर शेळ्या राखायची. तवा व्यंकटराव गुरुजी रविवारी पोरायला घेऊन यायचे अन एकेक वीट दाखवायचे. मी मागं शेळ्यात उभी राहून ऐकायची. त्यांना ठाऊक न्हाई. पुढं खोदकामावर मातीची पाटी उचलताना तो लाल खडा दिसला, तवा फेकून दिला न्हाई, कारण गुरुजींनी सांगितलं होतं, मातीतलं काहीच फालतू नसतं. हा आवाज माझा हाय. शिकवणी त्यांची हाय. जाताना लिंबाखाली म्हातारे बसलेले दिसले, तर नमस्कार करून जा."

मशीन थांबलं. बाहेर होले घुमत होते.

गुरुजींनी मशीन खाली ठेवलं. मग उठले आणि नागुबाईसमोर गेले. हात जोडायला लागले, तसे तिने त्यांचे हात धरले.

"तसं करू नका," ती म्हणाली. "राग आलाय मला. लय आलाय. दिवसभर गाव मला चोर म्हणायलंय. पण हात जोडू नका."

"मग काय करू?"

"साहेबांना खरं सांगा. तुमच्या तोंडानं."

पाचला जीप आली. खडा पेटीत होता, कुलूप लागलेलं होतं. कुणी काही विचारायच्या आत गुरुजी पुढे झाले. एकही शब्द न झाकता सगळं सांगितलं आणि अध्यक्षपदाचा राजीनामा त्याच टेबलावर लिहून दिला.  साहेबांनी अहवाल लिहायला घेतला : कुलूप बदलावं, किल्ली नागुबाईच्या कमरेला असावी, झाला प्रकार वरिष्ठांना कळवावा. खाली एक ओळ आणखी आली : जागा सुरू ठेवण्यास हरकत नाही.

मुंजाजीने तिथल्या तिथे टोपी काढून कपाळ पुसलं. आप्पांनी चंची उघडून सगळ्यांना पान दिलं, बन्सीधरलासुद्धा. बन्सीधरने ते शरमतच घेतलं.

"ते पाच नंबरचं," गुरुजी चाचरत नागुबाईला म्हणाले, "मला ऐकायचं आहे. सगळंच. पहिल्यापासून."

तिने एक मशीन पुसून दिलं. गुरुजींनी हेडफोन डोक्यावर चढवला आणि तसेच निघाले.

"थांबा, उलटा घातलाय," नागुबाईने पुढे होऊन तो नीट बसवला. "हां. आता एक दाबा. अन घाई करू नका, मी सावकाश सांगते."

गुरुजींनी मान हलवली, एक दाबला, आणि ती सांगेल तिकडे चालू लागले.