ह्वांगशानवर ओ कुणी दिली?

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, ही घडलेली गोष्ट आहे. जिच्या बाबतीत घडली ती रुइझेन आमच्या थुनशी शहरात, माझ्याच गल्लीत राहते.

गेल्या शरदातली, ह्वांगशान डोंगरावरची. भर दुपारची.

आदल्या वर्षी याच दिवसांत ती नवऱ्याबरोबर तिथे गेली होती. उतरताना पायऱ्यांवरच त्याचं, पेइवनचं, हृदय थांबलं. धावपळीत देह खाली आणला, पण वाटेत त्याला हाक मारायची राहून गेली.

आमच्यात घराबाहेर मेलेल्याला हाका मारत घरी आणावं लागतं. नाहीतर जीव तिथेच अडकतो.

वर्षभर तो स्वप्नात यायचा. त्याच पायरीवर. कुडकुडत.

म्हणून ती पुन्हा गेली. पुढे चालणारीने मेलेल्याचा सदरा धरून हाक मारायची, मागचीने त्याच्या वतीने ओ द्यायची. पुढचीने मागे वळून बघायचं नाही.

मागे होती नणंद, गुइश्या.

"वहिनी, हळू गं! दादा सुटला, माझे गुडघे अजून इथेच आहेत."

"तुझं तोंड कसं थकत नाही?"

"तेवढंच तर धड चालतंय!"

त्या पायरीवर रुइझेनने सदरा पसरला, उचलला आणि उतरायला लागली.

"पेइवन, घरी चला!"

"आलो, आलो," मागून गुइश्या म्हणाली.

मग धुकं आलं. पाइनची झाडं दिसेनाशी झाली.

"पेइवन, घरी चला!"

"आलो, आलो..."

प्रत्येक वळणावर हाक. प्रत्येक हाकेला ओ.

मध्येच तिच्या लक्षात आलं... मागे काठीची टकटक नाही.

कुरकुरही नाही. धाप नाही.

'बरं झालं, गप्प बसली एकदाची,' तिला वाटलं. वळून बघायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर ताकदही नव्हती.

खाली डोंगराच्या दरवाजापाशी गुइश्या बाकावर बसून चहात उकडलेलं अंडं सोलत होती.

"किती वेळ, वहिनी! ओरडून सांगितलं की मी रोपवेने जाते. ऐकलं नाहीस?"

"मग ओ कुणी दिली?"

गुइश्याच्या हातातलं अंडं तसंच राहिलं.

"दादाच असेल गं... दुसरं कोण?"

"बाईचा आवाज होता."

दोघी घरी आल्या. शेवटची हाक उंबऱ्यावर मारायची असते. नाही मारली तर पेइवन अर्ध्या वाटेवर राहणार. मारली तर मागे जे कुणी असेल, ते घरात येणार.

रुइझेनने कुलूप काढलं, दार मात्र लोटलं नाही.

तिला फक्त बसायचं होतं हो. वर्षभर धड झोप नव्हती.

"पेइवन, घरी चला."

शेजारी उभ्या गुइश्याने ओठ घट्ट मिटले होते.

मागे गल्ली रिकामी.

आणि बंद घरातून... अगदी आतल्या खोलीतून...

"आलो, आलो."

तोच आवाज. दमलेल्या बाईचा.

रीतीप्रमाणे सदरा पलंगावर पसरून ठेवलाय. रोज सकाळी तो घडी केलेला असतो, बाह्या आत दुमडून. पेइवनने जन्मात कधी घडी घातली नव्हती.

आणि स्वप्नात तो अजून त्याच पायरीवर बसलेला.

परवा रुइझेन माझ्याकडे भाजी निवडायला बसली होती. मी म्हटलं, "हाकलून दे की तिला."

"कुणाच्या तरी हाकेची वाट बघत तीही तिथे डोंगरावर बसली असेल गं," ती म्हणाली. "पण पेइवनला आणायला आता पुन्हा चढायचं... आणि या खेपेला मागून ओ आली, तर ती कुणाची, हे मी ओळखायचं कसं?"