अल्बममधली पत्रिका

मोताळ्याच्या बाजाराची गर्दी कापत करिष्मा छापखान्यात शिरली, तेव्हा रागानं तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. हातातली लग्नपत्रिका तिनं काउंटरवर आपटली.

"हे काय आहे बे?"

काउंटरमागं बसलेल्या प्रज्वलच्या तोंडचं पाणी पळालं. "हे... तुह्यापाशी कशी आली?"

"माह्यापाशी नाही, बाबापाशी! दादाच्या लग्नाची पत्रिका पसंत कराले आले होते काल. तुमच्या नमुन्याच्या अल्बममधी सापडली त्याइले!"

झालं होतं असं. डिझाइनच्या क्लासमध्ये दोघं शेजारी बसायचे. मॅडमनी असाइनमेंट दिली— लग्नपत्रिका करा, नावं मनानं टाका, पण जे महत्त्वाचं त्यावरच नजर आधी पडली पाहिजे. या पठ्ठ्यानं टाकलं काय? 'चि. प्रज्वल' आणि 'चि. सौ. कां. करिष्मा'! मग मॅडमना दाखवायची छाती होईना, म्हणून दुसरीच करून दिली आणि ही इथं, त्याच्या मामाच्या छापखान्यात राहिली. मामानं नावं न वाचताच ती अल्बममध्ये लावली. ती पाहून करिष्माच्या बाबांनी, उत्तमरावांनी, काल संध्याकाळीच लेकीचा क्लास बंद केला. वर्षभर भांडून मिळवलेला क्लास!

"तुह्या खेळापायी मी घरी बसू काय?"

"खेळ नव्हता तो..." तो हळूच म्हणाला.

करिष्मा थबकली. छातीत धडधडलं, आणि त्या धडधडीचाही तिला राग आला. तिनं काउंटरवरचा लाल पेन उचलला.

"खेळ नव्हता? मंग हा कलश एवढा, दोन-दोन मोर, तुहे चार काका... अन् माहं नाव मुंगीएवढं? नजर आधी कुठं पडते? मोरावर! हेच शिकला काय वर्षभर?" पेन सरसर फिरत होता. एका जागी तो अडला. "अन् तारखेची जागा कोरी काऊन?"

"ते... तुले विचारून टाकणार होतो."

बाहेर मिरचीवाली भाव ओरडत होती. करिष्मानं पेन ठेवला.

"चाल घरी. बाबाले सांग, चूक माही आहे, तिले माईत बी नव्हतं. क्लास चालू झाला पाह्यजे माहा."

"आत्ता? मारतीन ते मले!"

"मार खाय!"

भर बाजाराच्या दिवशी त्यानं शटर खाली ओढलं. ती चार पावलं पुढं गेली होती.

"करिष्मा... अन् तारीख?"

"क्लास संपल्यावर मी टाकीन," मागं न वळताच ती ओरडली. "तवर ते मोर काढ!"