वगळलेलं दार

कुंजम्माच्या ओट्यावरून भिक्षा घेऊन भगवी छाटी पुढे निघाली, धर्मांबाळच्या दारासमोर आली... आणि तिथे जणू घरच नव्हतं अशी, मान खाली घालून, झपझप पुढच्या दारी गेली! उंबऱ्यात उभ्या असलेल्या धर्मांबाळच्या ताटातला भात निवून गेला.

त्या छाटीतला माणूस तिचा नवरा होता.

जन्मभर ओट्यावर बसून अद्वैत सांगणारे पंचापकेशन तापाने शेवटच्या घटका मोजू लागले, तेव्हा मरणाआधी आतुरसंन्यास मिळावा ही एकच इच्छा त्यांनी धरली. बायकोच्या संमतीवाचून ते होईना; म्हणून तिने डोळ्यांतलं पाणी आवरून 'हो' म्हटलं. जानवं तुटलं, शेंडी गेली, नातं संपलं... आणि मग ताप उतरला! मरायला निघालेला माणूस उठून बसला आणि पेज मागू लागला. पण घेतलेला संन्यास परत करायची सोय शास्त्रात नाही. पायांत बळ आलं तसे ते कावेरीकाठच्या मंडपात राहायला गेले. धर्मांबाळने कुंकू लावावं की पुसावं, यावर अग्रहारात, ब्राह्मणांच्या त्या आळीत, दोन पक्ष पडले; विचारलं नाही ते फक्त तिला.

"माझ्या हातचं सांबार आमच्या घरातले नाक मुरडून खातात," कुंजम्मा ओट्यावरून म्हणाली, "स्वामी मात्र मुकाट घेतात बघ. वैराग्य वैराग्य म्हणतात ते हेच!"

धर्मांबाळला हसू आलं नाही. दुपारी ती मंडपाच्या पायरीशी जाऊन उभी राहिली.

"स्वामी, सगळ्यांत एकच आत्मा ना? मग कुंजम्माच्या दारात असलेला आत्मा माझ्या दारातून कुठे उठून जातो?"

"पूर्वाश्रमीच्या घरी भिक्षा घेऊ नये."

"पूर्वाश्रमीचे गेले ना? मग गेलेल्या माणसाचं घर अजून बरोबर ओळखू कसं येतं हो?"

त्यांचा कमंडलू कलंडला. इतक्या महिन्यांनी त्यांच्या तोंडून ते नाव निसटलं, "धर्मा... सगळं सुटलं गं, तेवढं एक दार सुटत नाही. तिथे पाय थांबले तर पुन्हा उचलायचे नाहीत, म्हणून पळतो!"

केवढा हा आनंद! एवढ्या जगातून वजा करून त्यांनी मागे ठेवलं ते आपलंच दार! 'चला घरी' एवढं म्हटलं असतं तर ते लहान मुलासारखे मागून आले असते, हे तिला स्पष्ट दिसत होतं... आणि जन्मभराची त्यांची साधना त्या दोन शब्दांत बुडाली असती, हेही! ओठांवर आलेले शब्द तिने गिळले.

"उद्या थांबा, स्वामी. इतर दारी थांबता तसेच. पाय उचलतील. ते माझ्याकडे लागलं."

सकाळी तिने त्यांच्या आवडीची मणत्तक्काळीची कडवट, बारीक सुकी फळं तुपात तळली... आणि झाकून आतच ठेवली.

"अम्मा, भिक्षा!"

अम्मा! सगळ्या बायकांना म्हणतात तेच! तिने इतर घरी पडतो तेवढाच, कोरडा, मूठभर भात वाढला. वर पाहिलंच नाही. समोर फक्त दोन पावलं होती.

"पुढच्या दारी जा, स्वामी," ती शांतपणे म्हणाली.

पावलं क्षणभर थांबली. मग उचलली, आणि ह्या वेळी घाई न करता चालू लागली.

"अगं, थांबले की!" कुंजम्मा ओरडली. "जिंकलीस बाई!"

"हो," धर्मांबाळ म्हणाली, आणि आत जाऊन तिने स्वतःच्याच पदराने कपाळावरचं कुंकू पुसलं.