उघाडीची फळी

लाइट येईपर्यंत ऐका पोरांनो, आणि मध्ये कोणी फिदीफिदी हसायचं नाही. काशीराम माझ्या बैठकीतला माणूस. थापा मारणं त्याच्या रक्तात नव्हतं.

रोडपालीच्या पलीकडे खाडीकाठी त्याचं भातशेत. बांधाला एक उघाडी, म्हणजे पाण्याचं दार. ओहोटीला तिच्यातून शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जायचं. भरतीच्या आत तिला फळ्या घालायच्या, नाहीतर खारं पाणी घुसून सगळ्या गावाचं भात गेलंच समजा. फळ्या बसवायच्या खाचा झिजलेल्या, म्हणून काम जोडीचं. एकानं खाडीच्या बाजूला उतरून फळी धरायची, दुसऱ्यानं आतून मोगरीनं ठोकायची. फळी बसली की धरणारा दोनदा थापटतो, म्हणजे पुढची घाल.

धरायची ती भामा, त्याची बायको. सांधे चिखलानं लिंपायची तीच. तिच्या डाव्या अंगठ्यावर विळ्याचा आडवा वण होता.

२००८ची आषाढी अवस. उधाण चढत होतं, आणि नेमका काशीरामनं आतल्या बाजूला लावलेल्या जाळ्यात जिताडा घुसला. लेक बाळंतपणाला आलेली, तिला कालवण होईल म्हणून याचा जीव त्यात अडकला.

"पानी चढतंय. आदी ठोक," भामा पलीकडून म्हणाली.

"दोन मिनटं थांब गं."

ती थांबली. जिताडा हाती आला तेव्हा पलीकडे कोणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिवरांच्या झाडीत सापडली.

पुढच्या वर्षी, बावीस जुलै, बुधवार, पुन्हा अवस. रात्री दहाला काशीराम मोगरी आणि बॅटरी घेऊन निघाला. शेजारचा धर्मराज म्हणाला, "दादा, मी येतो."

"नको. तिच्या जागेवर कोनाला उभा नाय करनार."

वेडा हट्ट. पण काळीज फाटलेल्या माणसाला शहाणपण कोण शिकवणार?

पहिली फळी लावली. सटकली. पुन्हा लावली. सटकली. पाणी गुडघ्याला आलं, मग मांडीला. रडत रडतच त्यानं मोगरी उचलली.

फळी हलली नाही.

त्यानं ठोकली. घट्ट बसली. मग पलीकडून... ठक, ठक.

तिकडे बॅटरी मारायची त्याची छाती झाली नाही. दुसरी घातली.

ठक, ठक.

शेवटची...

"भामे..."

नुसता पाऊस.

"चुकलं गं माझं. जिताडा सोडला मी. तवाच सोडला..."

तो तिथंच बांधावर बसून राहिला, ओहोटी लागेपर्यंत.

उजाडल्यावर खाडीच्या बाजूला उतरला. रात्री तिथं पुरुषभर पाणी होतं. तरी तिन्ही फळ्यांचे सांधे लिंपलेले होते. चिखलावर अंगठ्याचे ठसे, आणि प्रत्येक ठशात एक आडवी रेघ.

काशीरामनं त्यावर आपला अंगठा ठेवला.

चिखल कोमट होता.