नळाला पाणी येईपर्यंत

दिवेलागणीला दमयंतीबाई रोज टॉर्च घेऊन खाली पार्किंगमध्ये उतरत, तशा त्या दिवशीही उतरल्या. मधल्या खांबावरची काचपट्टी बघायची आणि वर जाऊन आमटी फोडणीला टाकायची, एवढंच काम. पडेगावच्या रस्त्यावरची ही ‘अनुपमा’ इमारत आता म्हातारी झाली होती. तिची तपासणी करायला आलेल्या हिमांशू इंजिनियरने हातोडीने खांब वाजवून बघितले होते. मधल्या खांबाच्या भेगेवर काच आडवी चिकटवून त्याने बजावलं होतं, भेग हलली तर काच तडकेल, आणि तडकली की सगळ्यांनी बाहेर पडायचं.

सोसायटीचं सचिवपद दमयंतीबाईंच्या गळ्यात पडलं ते दुसरं कुणी घेईना म्हणून. शाळेतून निवृत्त झालेली बाई, तिला शिस्त असते, असं म्हणून सगळे मोकळे झाले. दुरुस्तीचं मात्र भिजत घोंगडं, आणि भिजवायलाच पाणी नव्हतं ही त्यातली गंमत. नव्या काँक्रीटवर रोज पाणी मारावं लागतं. त्या दुष्काळात तर प्यायचं पाणीसुद्धा टँकरने येत होतं. आजूबाजूला नव्या इमारती उठत होत्या, आणि ‘अनुपमा’च्या गच्चीवर प्रत्येकाने आपली एक जादा टाकी चढवून ठेवली होती. ओझं उतरवा म्हटलं की ज्याला त्याला दुसऱ्याची टाकी दिसे.

शेवटची बैठक याच खांबापाशी झाली होती, ऐन तिन्हीसांजेला. दुसऱ्या मजल्यावरच्या इंद्रजीतने हसत विषय मिटवला.

“नळाला पाणी येऊ द्या की मॅडम, मग बघू दुरुस्तीचं. पाणी येईपर्यंत बिल्डिंग काय पडत नाय. तोवर उभी ऱ्हाती बघा.”

सगळ्यांच्या माना डोलल्या. आणि खांबामागून कुणीतरी अगदी हलक्या आवाजात म्हणालं, “तथास्तु.”

दमयंतीबाईंना वाटलं, इंद्रजीतची आई दगडाबाई बोलली. पाचोडची विहीर आटल्यावर त्याने तिला इकडे आणलं होतं. गुडघे गेलेली म्हातारी. संध्याकाळी तिला खुर्चीसकट खाली हवेला आणून ठेवत. पण ती तर खांबाच्या अलीकडे बसली होती, आणि तिचा चेहरा पार उतरला होता.

“म्या नाय बोलले, बाई,” ती म्हणाली. “वास्तू बोलली. तिन्हीसांजचं असं बोलू नाय... पोराला शब्द माघारी घ्यायला लावा.”

इंद्रजीतला सांगितलं तर तो हसला. शिकलेल्या बाईने असं काही मनावर घ्यावं याचं त्याला नवल वाटलं, आणि खरं म्हणजे दमयंतीबाईंनाही वाटलं. तरी त्या रोज दिवेलागणीला खांबाला हात लावून पुटपुटत, “शंभर वर्षं उभी राहा.” उत्तर कधी आलं नाही. भेग मात्र रुंदावत गेली. आधी तिच्यात नख जाई, मग बोट जाऊ लागलं. त्या कोरड्या वर्षात आतून ओल्या गंजाचा वास येऊ लागला. काच तशीच अखंड. लोक म्हणत, काच कुठं तडकलीय, मग कशाला घाबरायचं? दमयंतीबाईंनी फोनवर हे सांगितलं तेव्हा हिमांशूने त्यांना भेग पुन्हा मोजायला लावली. असं होऊच शकत नाही, एवढंच तो म्हणाला.

तर त्या संध्याकाळी त्या खांबापाशी पोचल्या, आणि वरून गलका ऐकू आला. नळाला पाणी आलं होतं. घराघरांतून भांडी खणखणू लागली. फाटकापाशी गप्पा मारत उभे होते तेही बादल्या भरायला आत धावले. टॉर्चच्या उजेडात काच मधोमध तडकली, जराही आवाज न करता. वरून बारीक माती झरू लागली.

“बाहेर या,” त्या ओरडल्या. पाण्याच्या त्या गडबडीत कुणाला ऐकू जाणार? जिन्याकडे धावावं तर तेवढा वेळ उरला नव्हता. त्यांना रडू फुटलं. त्यांनी दोन्ही हात खांबाला टेकले.

“थांब... सगळे बाहेर येईपर्यंत. तेवढी उभी राहा.”

“तथास्तु,” खांबामागून कुणीतरी म्हणालं.

माती झरायची थांबली.

मग त्यांनी एकेक दार ठोठावलं. तडकलेली काच पाहून इंद्रजीतचंही तोंड पांढरं पडलं. माणसं, अंथरुणं, देव्हाऱ्यातले देव, सगळं रस्त्यापलीकडे आलं. दगडाबाईला खुर्चीसकट उचलून आणलं, तेव्हा दमयंतीबाईंनी तिच्या कानात सांगितलं, आपण काय मागितलं ते. मग पुन्हा आत जाऊन त्यांनी प्रत्येक घर पाहिलं, प्रत्येक नळ आपल्या हाताने बंद केला, आणि सगळ्यांच्या शेवटी त्या बाहेर आल्या. फाटकाबाहेर पाय टाकताना त्यांनी डोळे गच्च मिटले होते.

काहीच झालं नाही. ‘अनुपमा’ उभीच होती.

कुणीतरी हसलं. लोक चुळबुळू लागले. उगाच घाबरवलंत, निदान पाणी तरी भरून घेऊ द्या, असं म्हणत इंद्रजीत फाटकाकडे निघाला, आणि त्याच्यामागून बाकीचेही. दमयंतीबाई त्यांना आडव्या झाल्या, पण त्यांचं आता कोण ऐकतंय?

दगडाबाईने त्यांचा पदर धरला.

“समदे भाईर आले न्हवं, बाई?”

“आले. मी मोजले.”

“मग ही उभी कशी? आत... कोण ऱ्हायलंय?”

वर, दुसऱ्या मजल्यावर, इंद्रजीतच्या अंधाऱ्या घरात रिकाम्या बादलीत धार पडू लागली. इंद्रजीत जागच्या जागी थबकला. बादली भरत गेल्याचा आवाज खालपर्यंत येत होता. मग ती भरली, आणि कुणीतरी नळ बंद केला.