माल्ट्याचा पावणा

नसरापूरला एसटी थांबली आणि सुलक्षणा ओढणीखाली करडू लपवून आत चढली. करडू लपवण्यात तिचा हात धरेल अशी पोरगी आख्ख्या वेल्हे तालुक्यात नव्हती. एकदा म्हणे तिनं एक बोकड घोंगडीत गुंडाळून कंडक्टरला आजारी मामा म्हणून दाखवला, आणि कंडक्टरनं त्याचं वय बघून अर्धं तिकीट फाडलं. त्या गाडीत मी नव्हतो. पण बोकड मी पाहिलाय. चेहरा तसा सभ्य होता.

त्या दिवशी गाडीत एकच जागा मोकळी होती, खिडकीपाशी बसलेल्या एका तरण्या माणसाशेजारी. पायाशी चाकांची भलीमोठी बॅग, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि बाहेर श्रावणातलं ऊन-पावसाचा शिवाशिवीचा खेळ. ती बसली. मार्गासनी यायच्या आधीच करडानं ओढणीतून तोंड बाहेर काढलं आणि बॅगेच्या मुठीला चिकटवलेली विमानाची कागदी पट्टी चघळायला घेतली.

"तुमचं करडू माझं विमान खातंय," तो म्हणाला.

तिनं करडाचं तोंड ओढलं. अर्धी पट्टी पोटात गेली होती. "कुठनं आलंया तुमचं इमान?"

"माल्टा."

"त्ये कुठं आलं?"

"समुद्रात. बेट हाय. आपल्या वेल्ह्यात नेऊन ठेवलं, तर कडंनं गुरं चारायला रान उरंल... येवढंसं."

"येवढ्याशा गावाला जायला इमान लागतं व्हय? तुमी लई आळशी दिसता, पावणं."

तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला असावा, कारण हसताना त्याचा तोल गेला आणि चष्मा करडाच्या पाठीवर पडला. तिनं तो उचलून पुसून दिला, आणि देताना सहज विचारलं, "सुट्टीवर आलाय?"

इथं त्यानं खरं सांगायला हवं होतं. शेजारी अनोळखी पोरगी, गाडीत ओळखीचं कुणी नाही; खोटं बोलून मिळणार काहीच नव्हतं. पण काही माणसांची जीभ डोक्याच्या पुढं पळते.

"व्हय," तो म्हणाला. "दसऱ्यानंतर परत जायचं."

परत कुठं जाणार? परतीचं दार बंद झालं होतं. तो ज्या नाचगाण्याच्या क्लबात कामाला होता त्याला टाळं लागलं, पाठोपाठ कामाचा परवाना संपला, आणि तिथल्या सरकारनं त्याला विमानात बसवून घरी धाडून दिलं होतं. नाव धनाजी. घर भोरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या धनगरवाड्यावर. बाप चिमाजी, पोरगा परदेशात आहे हे सांगायला जो भेटेल त्याला रस्त्यात अडवणारा. त्या बापासमोर उभं राहायची छाती होईना, म्हणून राखीचं निमित्त काढून धनाजी बहिणीकडे निघाला होता. बहीण रत्ना दिलेली गुंजवण्याच्या वरच्या वाड्यावर. आणि सुलक्षणाचं घर त्याच वाड्यावर, रत्नाच्या घराला लागून. ते उतरताना कळलं, तेव्हा तिनं करडू त्याच्या हातात दिलं आणि बॅग स्वतः ओढायला घेतली.

वाड्यावर धनाजीची बडदास्त काय विचारता. रत्ना त्याला चुलीपुढं बसू देईना, धूर लागेल म्हणून. दाजी, म्हणजे रत्नाचा नवरा बाजी, त्याच्यासमोर बिडी विझवून बसायला लागला. आणि येणारा-जाणारा विचारायचा, तिकडं रात्री कशा असतात हो?

मग धनाजी सांगायचा. गोष्टी सांगण्यात मीही काही कमी नाही, पण त्या पोरापुढं मी पाणी भरतो. पहिल्या रात्री म्हणे क्लबाच्या दारावरल्या दांडग्यानं त्याला अडवलं, कारण पायात धनगरी वहाणा. हा म्हणाला, आत नको घेऊ, नुसतं कान दे. आणि दारातच चार पावलं चालून दाखवली. वहाणांची करकर ऐकून आतलं गाणं थांबलं, वाजवणारा पळत आला, आणि त्या रात्री आख्खं बेट वहाणांच्या करकरीवर नाचलं. पुढल्या शनिवारी ह्यानं रुमाल फिरवून आपला धनगरी गजी नाच शिकवला. गोऱ्या बायका गोल धरून... मधोमध हा. मग एका पहाटे घरी जायला बोटीत बसला, डुलकी लागली, आणि जाग आली ती दुसऱ्याच देशात. पोलिसानं विचारलं, गाव कोणतं? हा म्हणाला, भोर. पोलिसानं नकाशावर भोर शोधलं, सापडेना, तेव्हा इतका खजील झाला की ह्याला पोटभर जेवू घालून हेलिकॉप्टरनं परत सोडलं.

सुलक्षणा शनिवार-रविवारी राजगडाच्या वाटेवर ताक विकायची. गडावर जाणारी शहरातली पोरं घामाघूम होऊन थांबायची. धनाजी तिथं जाऊन बसायला लागला. माठ उचलून द्यायला म्हणून. माठ ती एकटीच उचलायची. पण तो आला की तिचा हात दुखायला लागायचा.

"मग त्या गोऱ्या बायकांत एक बी आवडली न्हाई?" ती ताक घुसळता घुसळता विचारायची.

"एक व्हती. तिला भाकरी थापता येईना."

"मला बी न्हाई येत."

"तुझं काय... तू बोकडाला मामा करतीस. तुझं चालतंय."

ती हसायची. हसली की तोंडावर ओढणी घ्यायची, आणि ओढणीवरून नुसते डोळे राहायचे. त्या डोळ्यांसाठी धनाजी रोज एक नवी गोष्ट आणायचा. खरी गोष्ट त्याच्याकडे एकच होती, आणि ती हसण्यासारखी नाही असं त्याला वाटत होतं.

भादव्यात एके दुपारी धुकं खाली उतरलं. वाटेवर चिटपाखरू नव्हतं. धरणाचं पाणी नाही, समोरचा डोंगर नाही. नुसती ती दोघं आणि माठ. तिनं ताकाचा पेला पुढं केला. त्यानं पेल्याबरोबर तिची बोटंही धरली. तिनं ती काढून घेतली नाहीत.

"एक सांगते," ती म्हणाली. "माझ्या थोरल्या बहिणीचा, नूतनताईचा नवरा जहाजावर असतोय. वर्साला म्हैनाभर येतो, पोराला वळख पटस्तवर जातो. ताई मोबाईल उशाला घेऊन निजती. जाणाऱ्या माणसाला म्या व्हय म्हणायची न्हाई... तो कसा बी असूं दे."

त्यानं तिची बोटं सोडली. तिला ते दुःख वाटलं. होतंही, पण वेगळं.

"बाबानं पलीकडल्या वाड्यावरचा सोमनाथ बघितलाय," ती पुढं म्हणाली. "म्या दोनदा न्हाई म्हणलं. सोमनाथात खोट काढायला लई येळ बसले, एक बी सापडंना. बाबा म्हणतोय, दसऱ्यापातुर थांबतो. मंग शब्द देनार." तिनं पेल्याकडे बघितलं. "तुमचं जायचं... पक्कंच हाय का?"

आता ह्याहून सोपा प्रश्न जगात कुणी कुणाला विचारला असेल, तर मला दाखवा. पण त्याच क्षणी त्याला आठवलं, कालच रत्नानं त्याच्यासाठी गव्हाच्या शेवया वळायला घेतल्या होत्या, तिकडं न्यायला. बापानं भोरच्या बाजारात त्याच्या पगाराचा आकडा वाढवून सांगितला होता, आणि वर ते फोनवर त्यालाच कळवलं होतं. आणि समोरची ही पोरगी, जी एवढी हसली होती... ती ज्याच्यावर हसली तो माणूस तर मुळात नव्हताच.

"बघू," तो म्हणाला. "सांगतो."

दसरा आला.

त्या वाड्याची एक रीत आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळे बिरोबापुढं जमतात. मेंढरं घेऊन देशावर उतरणाऱ्यांची नावं कोंडाबाई घेते. वाड्यातली सगळ्यांत म्हातारी, जिच्यापुढं देवही जरा सावरून बसतो. नाव घेतलं की माणसानं उठून पुढं यायचं, आणि वाड्यातली एखादी पोर थाळीतला भंडारा त्याच्या कपाळाला लावते. भंडारा लागला की सूर्य मावळायच्या आत शीव ओलांडायची. पावसाळ्याच्या तोंडापर्यंत माघारी यायचं नाही. मधेच फिरला तर वाड्याच्या जितराबाला रोग लागतो म्हणतात. मात्र ज्याला जायचं नसेल त्यालाही वाट ठेवलेली आहे. नाव घेतल्यावर जागेवरूनच "यंदा थांबतो" म्हणायचं. का थांबतो, हे कुणी विचारायचं नाही. देवानंही नाही.

त्या वर्षी रत्नानंच कौतुकानं भावाचं नाव कोंडाबाईच्या कानात घातलं होतं. म्हातारी म्हणाली, समिंदरापल्याड बी मेंढरं असत्याल की. आणि थाळी होती सुलक्षणाच्या हातात.

"धनाजी चिमाजी," कोंडाबाईनं हाक दिली.

तो उठला. बसल्या जागी बोलायचं ते बोलला नाही, पण पुढं येईपर्यंत अजून वेळ होता. सुलक्षणानं चिमूट भरली. थाळी हलत होती. भंडारा काठावरून सांडून तिच्या पायांवर पडत होता. गेनू, तिचा बाप, खांबाला टेकून बघत होता. आणि तिनं अगदी हळू, ओठही न हलवता विचारलं, "जायचंय का?"

रत्नाचे डोळे भरलेले. बाजीनं बॅग आधीच उचलून शिवेकडल्या दगडावर नेऊन ठेवलेली.

"व्हय," धनाजी म्हणाला. "तिकीट काढलंय."

तिनं भंडारा लावला. कपाळभर लावला, जरा जास्तच जोरानं. मग बाजूला सरली आणि पुढच्या नावाची वाट बघत उभी राहिली.

सूर्य मावळायच्या आत तो शिवेबाहेर होता. जायला कुठलाही देश नसलेला माणूस मार्गासनीच्या थांब्यावर चाकांच्या बॅगेवर बसून राहिला. माघारी फिरायची सोय नव्हती, आणि भोरला जायची छाती तेव्हाही झाली नाही. जी एसटी आली तिच्यात तो चढला आणि शिवऱ्यापाशी, हायवेला उतरला. तिथल्या एका हॉटेलमालकाला टेबलं पुसायला माणूस हवा होता.

थोड्या दिवसांनी धीर करून त्यानं रत्नाला फोन लावला. सगळं सांगायचंच, असं ठरवून. रत्नानं त्याला बोलूच दिलं नाही. नीट पोचलास का, जेवलास का, आणि मागं कसली रं गाड्यांची एवढी गर्दी? मग तिनंच सांगितलं, आपल्या सुलक्षणाची सुपारी फुटली, सोमनाथशी. धनाजी म्हणाला, "पोचलो, आक्का." आणि फोन ठेवला.

मार्गशीर्षात एका सकाळी हॉटेलापुढं एक टेम्पो थांबला. पुण्याला बस्ता बांधायला निघालेली माणसं. सुलक्षणाच्या घरचे पुढच्या टेम्पोतून कधीच गेले होते. हिला सासरच्या बायकांनी आपल्यात बसवून घेतलं होतं, साडीची पसंती विचारायला. बायका चहाला बसल्या. सुलक्षणा हात धुवायला मागच्या टाकीपाशी गेली, आणि तिथं ओल्या फडक्याची बादली घेऊन तो उभा.

तिनं टाकीचा नळ बंद केला.

"कवा आलात?"

"गेलोच न्हाई."

मग त्यानं सांगितलं. आता अडवायला कुणी नव्हतं, म्हणून भराभरा. "म्या तिथं कधी नाचलो न्हाई. मागं ग्लास धुवायचो. ट्रे सरकवायला भित्तीत खिडकी व्हती, तिच्यातनं नाचणाऱ्यांचं पाय दिसायचं फकस्त. बोटीचं तेवढं खरं. क्लब बंद पडला तवा पोरांच्या नादानं प्यालो, चुकीच्या बोटीत चढून झोपलो. उतरलो तर दुसरा देस. त्यांनी कागद मागितलं, तर संपल्यालं. हेलिकॉप्टर न्हवतं, बोटीनंच माघारी माल्ट्याला धाडलं. एक बंद खोली व्हती... मग इमान."

ती ऐकत होती. ओढणी खांद्यावर होती, तोंडावर नव्हती.

"ही गोष्ट त्या समद्यांपरीस बरी हाय," ती म्हणाली. "हीच का न्हाई सांगितली?"

"तू हसायचीस... म्हनून."

"माझा हात कापत व्हता. थाळी हालत व्हती. तुमाला दिसलं न्हाई?"

"दिसलं."

"दिसलं," ती म्हणाली. पुन्हा एकदा म्हणाली, जणू शब्द नीट ऐकू आला नसावा. "आन तरी."

"सुलक्षणा, अजून बी..."

"न्हाई. बाबानं शब्द दिलाय, आन बाबाला व्हय म्या म्हणलंय. सोमनाथानं माझं काय वाईट केलंय, का त्याला तोंडावर पाडू?" तिनं डोळे पुसले नाहीत, पाण्याचे हातच तोंडावरून फिरवले, म्हणजे कुणाला कळू नये. "तुमी 'यंदा थांबतो' म्हणला असता, तर कुनी कारन बी इचारनार न्हवतं. म्या बी न्हाई."

एवढ्यात सोमनाथची बहीण साधना चहाचे दोन ग्लास घेऊन मागं आली. एक तिनं सुलक्षणाच्या हातात दिला, आणि फडकं घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाकडे, मग पुन्हा होणाऱ्या वहिनीकडे बघितलं.

"वैनी, वळखीचं हायत का कुनी?"

सुलक्षणानं त्याच्याकडे पाहिलं. ओलं फडकं, बाह्या दुमडलेला सदरा, पायातल्या प्लॅस्टिकच्या चपला... सगळं सावकाश पाहिलं.

"न्हाई गं," ती म्हणाली. "आमच्या रत्नावैनीच्या भावावानी वाटले जरा. पर तो कुठला हितं यायला. तो माल्ट्याला असतोय. लई मोठं काम हाय त्याचं."

मग उभ्या उभ्या तिनं चहा संपवला, साधनाचाही ग्लास घेतला, एकात एक घातले आणि त्याच्या हातात दिले. हॉटेलातल्या कुठल्याही माणसाला देतात, तसे.